अंगणवाडी दुपारी सुटते, आई संध्याकाळी येते : लहान मुलांच्या सांभाळातली विषमता

जास्वंदी (धागाकर्ती)

आमच्या बालेवाडीतल्या पाळणाघरात सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत मुलं सांभाळतात. पूर्ण दिवसाचे महिन्याला चौदा हजार. दुपारी ताजा वरणभात, झोपायला स्वच्छ गाद्या, मूल जेवलं की फोनवर फोटो. माझी मुलगी दीड वर्षाची असल्यापासून तिथे जाते. ती तिथे आनंदात असते, म्हणून मी नोकरी टिकवू शकले.

तिथे मुलांना भरवणाऱ्या, झोपवणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांचा स्वतःचा मुलगा अडीच वर्षांचा आहे. तो वस्तीतल्या खोलीवर थोरल्या बहिणीजवळ असतो. ती चौथीत आहे, म्हणजे शाळेच्या पटावर नाव आहे एवढंच. वस्तीत अंगणवाडी आहे, पण तिथे तीन वर्षांपुढचीच मुलं बसवून घेतात आणि दुपारी एकला ती सुटते. मावशींची ड्यूटी सातला संपते. मुलगा तीन वर्षांचा झाला तरी एक ते सात कोण बघणार?

आपल्याकडे बालशिक्षणातल्या विषमतेवर बोलताना नर्सरीच्या फिया, माध्यम, इमारत यांवर पानंच्या पानं लिहिली जातात. मला सर्वात मोठी दरी वेळेत आणि वयात दिसते. जिच्या घरात आजी आहे किंवा हातात पैसा आहे तिला दहा-अकरा तासांचा सांभाळ मिळतो. जिला दिवसभर राबल्याशिवाय चूल पेटत नाही, तिला सरकार चार-साडेचार तास देतं, तेही मूल तीन वर्षांचं झाल्यावर.

कायदे नाहीत असं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली : २६ आठवड्यांची भरपगारी रजा आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊन येण्याची मुभासुद्धा आहे. माझ्या कंपनीत मला याचा फायदा मिळाला. पण चार घरची धुणीभांडी करणारीला कुठली आस्थापना? भाजीच्या गाड्यावर बसणारीला कोणी रजा द्यायची?

तुमच्या गावात, वस्तीत, कामाच्या ठिकाणी सहा महिने ते तीन वर्षांची मुलं दिवसभर कोणाजवळ असतात? प्रत्यक्ष पाहिलेलं लिहा.

मुक्ताई

जास्वंदी, मी एकात्मिक बालविकास योजनेत पर्यवेक्षिका होते, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न बरोबर ठिकाणी बोट ठेवणारा आहे. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशभरात ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली. तिच्या सहा सेवा आम्हाला तोंडपाठ होत्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज असेल त्याला पुढच्या दवाखान्यात पाठवणं), पोषण व आरोग्य शिक्षण, अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. मूल दिवसभर सांभाळणं यात कुठेच नाही. आई घरी आहे किंवा घराजवळ आहे असं धरूनच ही मांडणी झाली.

तीन वर्षांखालच्या मुलाशी अंगणवाडीचा संबंध येतो तो वजनापुरता, लसीपुरता आणि घरपोच आहाराच्या पाकिटांपुरता. पाकीट घरी गेलं की सगळं घर वाटून खातं. बाळाला ते शिजवून, मऊ करून, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं भरवायचं असतं. आठ वर्षांच्या बहिणीला ते जमत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. आधीच्या फेरीत हा आकडा ३४.४ होता. एवढी पाकिटं वाटूनही आकडा खाली आला नाही. भरवणारा हात कोणाचा, हे कुणी विचारात घेतलं नाही हे त्याचं एक मोठं कारण आहे असं माझं ठाम मत आहे.

आणि कृपा करून सेविकेला बोल लावू नका. शहरातली अंगणवाडी म्हणजे पुष्कळदा भाड्याची एक खोली. त्यातच धान्याच्या गोण्या, वजनकाटा, लोखंडी पेटी आणि पंचवीस-तीस मुलं. सकाळी मुलांना गाणी-गोष्टी, मग खिचडी, मग गृहभेटी, मग मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर ॲपवर माहिती भरणं. रेंज नसेल तर गच्चीवर जाऊन. २०२३ च्या डिसेंबरात राज्यभरच्या सेविका-मदतनिसांनी संप केला तेव्हा सेविकेला दहा हजार आणि मदतनिसेला साडेपाच हजार मानधन होतं. संप जानेवारी संपत येईपर्यंत चालला. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितला तेव्हा मान्य झाला. त्यांना "संध्याकाळी सहापर्यंत थांबा" म्हणायचं असेल तर दुसरी सेविका आणि दुसरी मदतनीस द्या, मग म्हणा.

कर्वेरोड

विषय चांगला आहे, पण माझा मूळ मुद्द्यालाच आक्षेप आहे. तीन वर्षांखालचं मूल आईजवळ किंवा आजी-आजोबांजवळच असावं. आमची दोन्ही मुलं आईने (माझ्या) वाढवली. पाळणाघर ही नाइलाजाची सोय आहे. ती गरिबांपर्यंत न्यावी म्हणण्याऐवजी आईला घरी राहता येईल अशी मदत द्यावी. बाहेरच्या सांभाळात मुलं सारखी आजारी पडतात, हेही पाहिलं आहे.

बालाघाट

कर्वेरोड, तुमची आई होती, चांगली गोष्ट आहे. आमच्याकडं आजी असती ती पण कोयत्यावरच असती.

मी बीड जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहे. दसरा-दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं कुलूपबंद, माणसं ऊसतोडीला साखर कारखान्यांकडं जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्याच्यावर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. त्यामुळं बाईनं घरी थांबायचा प्रश्नच येत नाही. ती थांबली तर कोयता अर्धा होतो आणि उचल अंगावर फिरते. तिथून परत यायचं ते मार्च-एप्रिलला, कारखाना बंद झाल्यावर.

सोबत कोण जातं? अंगावर पिणारं बारकं जातं, आणि ते सांभाळायला त्याची सात-आठ वर्षांची बहीण जाते. पहाटे अंधारात आईबाप फडात जातात. बारकं कोपीत (झोपडीत) नाहीतर बैलगाडीखाली साडीच्या झोळीत. थंडीचे दिवस असतात, उसाची पाचट पेटवून शेक घेतात. गाडी भरताना, वळवताना लेकरू मधी येऊ नये हे बघणं त्या पोरीचं काम. त्या पोरीचं नाव माझ्या हजेरीत असतं. मोठ्या मुलांसाठी कारखान्याजवळ साखरशाळा झाल्या, काही गावात हंगामी वसतिगृह झाली, ती चांगली गोष्ट आहे. पण पोरगी वसतिगृहात ठेवली तर बारकं कोण बघणार, म्हणून आई तिला सोबत नेतेच. मी दरवर्षी आयांना हातापाया पडून सांगतो. त्या म्हणतात, "गुरुजी, बारक्याला तुम्ही बघता का?" याला माझ्याकडं उत्तर नाही.

कागदावर सोय आहे की जिथं जाल तिथल्या अंगणवाडीत आहार मिळेल. पण टोळी गावापासून दोन-तीन किलोमीटर लांब उतरलेली असते. तिथल्या सेविकेला आधीच तिची मुलं. आणि चार तासांसाठी लेकरू नेऊन सोडायला फडातून कोण उठणार?

निळावंती

बालाघाट, वाचून सुन्न झाले. पाळणाघर नसल्याची किंमत थोरल्या मुलीची शाळा देते, हे माझ्या डोक्यात कधी या तऱ्हेने आलंच नव्हतं.

कर्वेरोड, "आईला घरी राहता येईल अशी मदत" हे ऐकायला छान आहे. पण २०१९ च्या वेळवापर पाहणीत स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं आलं होतं, आणि जे पुरुष ते काम करतात ते ९७. तुमच्या आईंनी नातवंडं वाढवली तेही कामच होतं, बिनपगारी. आजी हे धोरण होऊ शकत नाही.

चिकूवाडी

मी पालघरकडचा. याच विषयावर आमच्या भागात फार जुना आणि फार शहाणा प्रयोग होऊन गेला आहे, तो इथे यायलाच हवा.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. सुरुवातीला त्यांनी पाहिलं की मुलं येत नाहीत. मोठी मुलं गुरं राखायला जातात आणि मोठ्या मुलींच्या कडेवर धाकटं भावंड. मग गुरं चरतात तिथेच शिकवायचं म्हणून कुरणशाळा निघाल्या. आणि भावंडांच्या प्रश्नावर विकासवाडी निघाली : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. बहीण कडेवरचं बाळ पाळणाघरात ठेवते, मधल्याला बालवाडीत सोडते आणि स्वतः शाळेत बसते. मधल्या सुटीत बाळाला बघून येते.

बालाघाट गुरुजी ज्या मुलीबद्दल लिहितात तिचं उत्तर इथे सापडलं होतं. पुढे देशाने यातला अंगणवाडीचा भाग घेतला आणि घराघरांत पोहोचवला, त्याचं श्रेय आहेच. पण पाळणाघराचा तुकडा वाटेतच गळून पडला. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण दिलं, त्यांच्या नावाने भाषणं होतात. त्यापेक्षा त्यांच्या आवाराचा आराखडा जिल्हा परिषदेच्या शाळांनी काढून बघावा. आता बऱ्याच ठिकाणी अंगणवाडी शाळेच्या आवारातच आहे. एक खोली आणि दोन बायांचा पगार, एवढंच वाढवायचं आहे.

ओळंबा

स्थापत्य अभियंता आहे, पुणे-पिंपरीच्या साइटांवर काम करतो. आमच्याकडचं सांगतो.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात होतं की साधारणपणे पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली द्यायची. प्रत्यक्षात एका साइटवर प्लास्टरचा ठेकेदार वेगळा, टाइल्सचा वेगळा, माती-खडीवाला वेगळा. प्रत्येकाच्या हजेरीपटावर बारा-पंधरा बायका. एकाच गेटमधून सगळ्या आत येतात, पण पन्नासचा आकडा कुणाच्याच कागदावर भरत नाही. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो, तो कामगारांच्याच कल्याणासाठी आहे. त्यातून पाळणाघरं सर्रास का चालत नाहीत हा प्रश्न मी वरिष्ठांना विचारून दमलो.

चांगलंही सांगतो. दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ साली बांधकामाच्या जागेवर तंबूत पाळणाघर सुरू केलं, त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. पुण्यात तारा मोबाइल क्रेशेस हेच काम करते. असं केंद्र चालतं तेव्हा साइट बदलते, हे मी पाहिलं आहे. पत्र्याची खोली, खाली चटया, भिंतीला रांगेत टांगलेले छोटे रुमाल, प्रत्येकावर त्या त्या मुलाची खूण : मासा, पतंग, छत्री. जेवणाआधी मुलं रांगेत हात धुतात. आया दहा वाजता येऊन अंगावर पाजून जातात. त्याआधी हीच मुलं वाळूच्या ढिगावर आणि सळयांच्या शेजारी असायची. लिफ्टच्या खड्ड्याला फळी लावली आहे ना, हे दिवसातून किती वेळा बघावं लागायचं ते माझं मला माहीत. बिल्डरला हे परवडत नाही असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. सँपल फ्लॅटच्या सजावटीवर याहून जास्त खर्च होतो.

नेकारकाठ

जर्मनीतून लिहिते आहे. इकडे सगळं आलबेल असेल असं वाटतं, म्हणून मुद्दाम.

इथे तीन वर्षांपुढच्या मुलाला बालवाडीत जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क १९९६ पासून आहे, आणि १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्षाच्या मुलालाही. शहराने जागा दिली नाही तर आई-वडील कोर्टात जाऊ शकतात. लाइपझिगच्या आयांनी बुडालेल्या पगाराची भरपाई मागितली होती आणि २०१६ साली तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने अशी भरपाई मागता येते असं सांगितलं. बर्लिनमध्ये २०१८ पासून किटाची (पाळणाघर-बालवाडीला इथे किटा म्हणतात) फी नाही, जेवणाचे थोडे पैसे भरावे लागतात.

तरीसुद्धा तीन वर्षांखालच्या जागा कोण पटकावतं? शिकलेले, दोघंही नोकरीत असलेले, भाषा येणारे. गरोदरपणातच यादीत नाव घालायचं असतं, दहा किटांना पत्रं लिहायची, प्रमुखबाईंना भेटून चांगली छाप पाडायची. जागा अपुऱ्या, त्यामुळे बऱ्याच गावांत नोकरी करणाऱ्या पालकांना आधी प्राधान्य. सीरियाहून आलेल्या माझ्या शेजारणीला भाषेचा वर्ग करायचा होता, पण मुलाला जागा नाही म्हणून वर्ग नाही, वर्ग नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून मुलाला जागा नाही. आम्ही दोघं आयटीवाले, आम्हाला मिळाली. मी तिचे अर्ज भरून दिले तेव्हा कुठे तिच्या मुलाचा नंबर लागला.

तेव्हा नुसता हक्क लिहून भागत नाही. पुरेशा जागा हव्यात, आणि जो अर्ज करू शकत नाही त्याच्या दारापर्यंत कुणीतरी जायला हवं. या बाबतीत आपली सेविका जास्त पोहोचलेली आहे. वस्तीतल्या कोणत्या घरात किती महिन्यांचं बाळ आहे हे तिला पाठ असतं. इथे असं कुणी नाही.

रानफूल

तालुक्याच्या गावी राहते. नवरा बँकेत, मी शिवणकाम करते. आम्ही मुलीला मुद्दाम अंगणवाडीत घातलं. नातेवाइकांनी नावं ठेवली. माझ्यामुळे अजून तीन-चार घरांनी घातलं. मग आम्ही आया मासिक सभेला जाऊ लागलो. दाराशी उघडं गटार होतं त्यावर फरशी आली, पाण्याची टाकी आली, सेविकाबाईंना खेळणी मागायला ग्रामसेवकाकडे एकटीने जावं लागेनासं झालं. या सगळ्या गोष्टी आधीच्या आयांनीही मागितल्या होत्या. त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

वर्षभराने बाकी सगळ्यांनी मुलं काढून घेतली. कारण इंग्रजी शाळेत नर्सरीपासूनच घेतात, नंतर जागा नसते. खासगी शाळांतल्या शिक्षणहक्काच्या २५ टक्के राखीव जागांचंही तेच. ऑनलाइन अर्ज, एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला, मग सोडत. ज्यांना तीन वर्षांच्या मुलासाठी ही धावपळ करायची हे कळतं, तेच पोहोचतात. माझी मुलगी अंगणवाडीतच राहिली. ती तिथे पुष्कळ शिकली. पण बाकीच्या निघून गेल्यावर सभेला मी एकटीच उरले.

कर्वेरोड

सर्वांचं वाचलं. ऊसतोडीचं आणि साइटचं वास्तव मला इतकं जवळून माहीत नव्हतं. तिथे पाळणाघर हवंच, यात वाद नाही. तरी माझा आग्रह आहे की सहा-आठ महिन्यांच्या बाळाला मोठ्या गर्दीत टाकू नये. एका बाईकडे किती मुलं याची मर्यादा पाळली जाणार नसेल तर सरकारी पाळणाघर म्हणजे नुसता कोंडवाडा होईल. गरिबाच्या मुलाला कसंही चालतं, हे चालणार नाही.

मुक्ताई

कर्वेरोड, हा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्यासाठीच जुन्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेचं काय झालं ते आठवायला हवं. एकेकाळी तिची देशभरात वीस हजारांवर पाळणाघरं होती. निधी देण्याची पद्धत बदलली, संस्थांना पैसे वेळेवर मिळेनात, आणि संख्या सात हजारांच्या खाली आली. चालवणाऱ्या बायांचं मानधन इतकं तुटपुंजं होतं की चांगल्या बाया टिकत नव्हत्या.

२०२२ पासून केंद्राच्या मिशन शक्तीखाली "पाळणा" योजना आहे. सहा महिने ते सहा वर्षं वयाची मुलं, एका ठिकाणी पंचवीस, दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस, एक सेविका आणि एक मदतनीस. देशभरात १७ हजार अंगणवाड्यांना पाळणाघर जोडायचं ठरलं आहे. अंगणवाड्या जवळजवळ चौदा लाख आहेत, तेव्हा १७ हजार म्हणजे काय ते तुम्हीच बघा. पंचवीस मुलांना दोन बाया हेही लहान बाळं असतील तर कमीच पडतं.

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने आदिवासी गावांत फुलवाऱ्या चालवल्या. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, गावातलीच बाई, दिवसभर सांभाळ, तीन वेळा खाणं. पुढे तिथल्या सरकारनेही हा प्रकार उचलला. कर्नाटकने २०२३ मध्ये रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांसाठी ग्रामपंचायतींत "कूसिन मने" नावाची पाळणाघरं सुरू केली. आपल्या शेजारी होतंय, तर इथे का होऊ नये?

जास्वंदी

सगळ्यांचे मनापासून आभार. मुक्ताई, एक थेट प्रश्न. आमच्या सोसायट्यांत कामाला येणाऱ्या बायका ज्या वस्तीत राहतात तिथे पाळणाघर हवं असेल तर कुठून सुरुवात करायची? आम्ही काही जणी खोलीचं भाडं उचलायला तयार आहोत. पण मला ते देणगीवर चालायला नको आहे. देणगीदार कंटाळला की मुलं परत खोलीत कोंडली जातील.

मुक्ताई

पहिलं काम यादी. घरोघर जाऊन सहा महिने ते सहा वर्षांची मुलं लिहा : वय, आई किती वाजता निघते, किती वाजता येते, मधल्या वेळात मूल कोणाजवळ. सांभाळणारं भावंड असेल तर त्याची इयत्ता. सेविकेला बरोबर घ्या, तिच्याकडे निम्मी माहिती तयार असते.

दुसरं, वस्तीत अंगणवाडीच नसेल किंवा लांब असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २००६ चा आदेश धरून बोला. सहा वर्षांखालची ४० मुलं असतील तर मागणीनंतर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची असं त्यात आहे. पाळणाघरासाठी वेगळं निवेदन, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावाने, प्रत महिला व बालविकास विभागाला आणि महापालिकेला. त्यावर आयांच्याच सह्या किंवा अंगठे हवेत, तुमच्या नव्हे. तुम्ही टंकून द्या, पोच घ्या, पाठपुरावा करा.

भाडं देणार असाल तर करारात लिहून घ्या की मंजुरी आल्यावर खोली योजनेकडे जाईल.

ओळंबा

साइटसाठीही अशीच यादी करतो. सगळ्या ठेकेदारांच्या बायका एकत्र मोजून मुख्य मालकाच्या नावाने आकडा दाखवला तर पन्नासच्या पुढे जातो. कामगार आयुक्तांकडे तसाच द्यायचा.

बालाघाट

मुक्ताई, आमच्या गावासाठीही तोच मसुदा चालंल का? इथं निवेदन दोन ठिकाणी द्यावं लागंल, गावच्या प्रकल्पाला आणि ज्या कारखान्यावर टोळी जाते तिथल्या प्रकल्पाला. आणि यादी दिवाळीच्या आत करावी लागंल. नंतर सह्या घ्यायला माणसंच सापडत नाहीत.

मुक्ताई

चालेल. दोन्ही तालुक्यांची नावं माझ्या विपूत (विचारपुशीत) टाका, त्याप्रमाणे बदलून रविवारपर्यंत मसुदा इथेच डकवते. जास्वंदी, ओळंबा, तुम्हीही तोच वापरा. चिकूवाडी, विकासवाडीच्या आवाराचा नकाशा किंवा जुने फोटो मिळाले तर पाहा, गुरुजींच्या शाळेच्या निवेदनाला जोडू.